शेवटच्या ओळीतली घागर

१२ एप्रिल, लातूर

चूक माझीच. तेलगिरणीच्या संपाची बातमी परवा पाठवली, तेव्हा घागरीची मागणी मी शेवटच्या ओळीत टाकली. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, हे इतक्या वर्षांनंतर मला कुणी सांगायला हवं होतं का? कापलीच.

आज बोलणी झाली. गिरणी फायद्यात आहे, मॅनेजरनं पगारवाढ फार न ताणता मान्य केली. पण शिफ्ट सुटताना गिरणीच्या बोअरचं प्रत्येकाला एक घागर पाणी, हे करारात लिहायला तयार नाही. "आम्ही देतोच की. लिहायचं कशाला?" म्हणाला, आणि माझ्याच बातमीचं कात्रण पुढे सरकवलं. "पेपरात तरी कुठे आहे ही मागणी?"

युनियनच्या कमलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. संपाच्या पहिल्याच दिवशी बोअरला कुलूप लागलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर माफी मागणार होतो, तेवढ्यात त्यांनी तांब्या पुढे केला. "प्या दादा. लई लांबून आणलंय." प्यालो. नको म्हणायला हवं होतं का? जिल्हा झाल्यापासून गावात पाट्या नव्या आल्या, नळाला पाणी नाही.

सह्या उद्या दुपारी. मघाशी फोनवर बातमी सांगितली, पहिलंच वाक्य घागरीचं. पलीकडून उपसंपादक म्हणाला, "पगारवाढ खाली आणि घागर वर? जागा कमी आहे, साहेब."

"मग पगारवाढ कापा," म्हणालो.