साडूच्या ऑर्किडला सात फुलं

४ मे २०२५, अकोला
कूलर बैठकीतून ओढत आणला आणि गॅलरीच्या दाराशी लावला, ऑर्किडकडे तोंड करून. ऑर्किडला दमट हवा लागते. माणसाला सवय लागते. बायकोला, मायाला, हे समजावलं. ती म्हणाली, मंग तुमी करा सवय.

५ मे
अमरावतीहून साडूने, जीवनने, त्याच्या ऑर्किडचा फोटो टाकला, फॅमिली ग्रुपवर. सात फुलं, जांभळी. जीवनने आणि मी एकाच प्रदर्शनात, एकाच टेबलावरून रोपं घेतली होती. त्याचं रोप मीच निवडून दिलं. लाईक दिला नाही.
माया फोटो मोठा करून पाहत होती.

८ मे
मला जळायचं कारण नाही. साधी जात लवकर फुलते. माझी जात उशिराची आहे. विकणारा तसं बोलला नव्हता, पण पानांवरून कळतं.
आजपासून ऑर्किडला जारचं पाणी. आम्हाला नळाचं. माया म्हणाली, मलेबी कुंडीतच बसवा.

११ मे
मेहुणीचा, वर्षालीचा फोन. जीवन झाडाशी बोलतो म्हणे. मीही बोललो, प्रेमाने. माया आतून आली, काय म्हणता म्हणाली. झाडाशी बोलून राहिलो, म्हटलं. ती परत गेली.

१४ मे
पानाखालून दांडी निघाली. हिरवी, टोक चकचकीत. कळी येणार.
ग्रुपवर फोटो टाकला. जीवनने लगेच अभिनंदन केलं. जळफळाट लपत नव्हता. दोघांना रविवारी मुक्कामालाच बोलावलं. नीट बघू दे.

१८ मे, रविवार
जीवनने चष्मा लावला. साडभाऊ, हे त मूळ होय जी, म्हणाला. हवेतलं मूळ. कळीच्या दांडीचं टोक चपटं असते. हे तो हळू बोलला, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचं ते हळू बोलणं मी विसरणार नाही.
मी मोठ्याने विचारलं, काहून, तुह्याच घरी फुलावं काय?
माया बाहेर आली. बोटाने पान उचलून तिने पाहिलं. जीवनला विचारलं, तुमच्या इथं नेलं त फुलन का? फुलन, तो म्हणाला.
ऐन बहरात रोप हलवत नाहीत, मी म्हटलं. वर्षालीने पोळी वाढली.

१९ मे
सकाळी माया त्यांच्या गाडीतून अमरावतीला गेली. कुंडी मांडीवर होती. परत कधी, विचारलं. फुललं की, म्हणाली. मूळ काचेला लागत होतं. तिने काच खाली केली.