निशाताईंचे रोडगे

जठारपेठ, अकोला
२८ नोव्हेंबर २०२२

प्रिय नसीम,

तुला आणि ताहेरभाईंना सलाम, निखतला आशीर्वाद. आईचा तुम्हा सगळ्यांना जयभीम. दरवेळी तूच आधी तिला जयभीम म्हणतेस. यावेळी तुझा आला नाही, तेव्हा आपणच पाठवावा असं तिने ठरवलं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. मागच्या वेळी निखतने उचलला. "अम्मी कामात हाय मावशी," म्हणाली. मागून तुझा आवाज येत होता, कोणाला तरी मेथी निवडायला सांगत होतीस. तिने फोन ठेवल्यावरही मी तो कानाला लावून बसले होते. मूर्तिजापूरच्या शाळेत सर फळ्याकडे वळले की आपण बाकाखालून चिठ्ठ्या द्यायचो. त्यानंतर तुला कागदावर काही लिहिल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे अक्षर सांभाळून घे.

आईचे गुडघे तसेच आहेत. थंडी पडली की ती उन्हासाठी गॅलरीत खुर्ची ओढत नेते आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाक मारते. आपल्या बसवरच्या गजेंद्रने टेम्पो धुऊन ठेवला. तुझी मोठी परात आणि झारा माझ्याकडे राहिलेत, पुसून वर ठेवलेत. तुझी आणखी एक वस्तू माझ्याकडे आहे. तिचं पुढे लिहिते.

धंदा पुन्हा चालू लागला आहे, हे तुला माहीत आहेच. कोरोनाची दोन वर्षं बस अंगणात उभी होती आणि टायरांखाली गवत वाढलं होतं. आता लोक निघतात, पण काश्मीर, केरळ म्हणत नाहीत. एवढ्या लांब काही झालं तर काय, म्हणतात. नरनाळा दाखवा, चिखलदरा दाखवा, लोणार दाखवा. परवा अमरावतीला पर्यटन वाढवण्याच्या मीटिंगला आम्हा सगळ्या टूरवाल्यांना बोलावलं होतं. तिथले एक साहेब म्हणाले, "लोकांना जवळचं बघायची सवय लावा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवरच ठेवले. टाळ्यांचा आवाज मला सध्या सहन होत नाही.

डिसेंबरची बस जाहिरात टाकल्याबरोबर भरली होती. आता तेवढी भरलेली नाही. तेही पुढे लिहिते.

बघ, सगळं पुढे लिहिते म्हणते आहे आणि पुढे जात नाही.

लॉकडाऊनमध्ये आपण डबे करायचो ते दिवस मला हल्ली फार आठवतात. दर्यापूरहून ताहेरभाई गाडीला पास लावून तुला इकडे सोडायचे. माझ्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटायचीस, मी भाजायचे, आई लसूण सोलायची. क्वारंटाइन झालेल्या घरांच्या फाटकाला आपण डबे लटकवून यायचो. आतून लोक हात जोडायचे. डबा कोणी केला हे तेव्हा कोणी विचारलं नाही. तू एकदा म्हणाली होतीस, "माया, हे संपलं की आपन लोकाइले फिरवून राहू आन् खाऊ घालून राहू. घाबरून घाबरून वाळले सारे." माया टूर्सचं स्वयंपाकघर आपलं आपण चालवायचं हे तिथेच ठरलं. बाहेरचा स्वयंपाकी नको, नसीमच्या हातचे, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. तुझ्या त्या एका वाक्यावर माझी बस पुन्हा रस्त्यावर आली.

आता चिखलदऱ्याचं लिहिते.

बंदीनंतरची ती आपली पहिली सहल होती. अमरावतीच्या एकाच कॉलनीतली रिटायर मंडळी. निघण्याआधी त्यांनी मला त्यांच्या समाजमंदिरात बोलावलं होतं. तू त्या दिवशी गोवऱ्या आणि कणकेच्या व्यवस्थेला दर्यापुरातच होतीस. कुठे थांबायचं, गरम पाणी किती वाजता, संडास कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग बँकेतून रिटायर झालेले खुशालराव म्हणाले, "मॅडम, स्वयंपाक कोन करते?"

साधाच आवाज होता त्यांचा. पण मला वाटलं, खोली गप्प झाली. सगळे माझ्याकडे बघताहेत असं वाटलं. असा प्रश्न आला की माझी मान कशी आखडते हे तुला ठाऊक आहे. आई शाळेत खिचडी शिजवायची तेव्हा लोक दारात उभं राहून हेच विचारायचे.

मी म्हणाले, "निशाताई. आमच्या घरच्याच आहेत."

दुसरं वाक्य खरं होतं, नसीम. पहिलं माझ्या तोंडातून कसं निघालं, मी सांगू शकत नाही. नाव शोधावंही लागलं नाही. ते जणू तयारच होतं, आणि याचीच मला जास्त लाज वाटते. घरी येऊन मी तेच सहलीच्या ग्रुपवर लिहिलं. तू त्या ग्रुपवर नव्हतीस. तुला सांगायचं ठरवलं आणि निघायच्या गडबडीत राहिलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मी तुझ्याजवळ एकटी राहायचं टाळत होते.

तू आणि ताहेरभाई टेम्पोने पुढे जायचात, आम्ही बसने मागून. आम्ही पोहोचेपर्यंत तुझी चूल पेटलेली असायची. वाढायला मी आणि गजेंद्र. तू पडवीच्या मागे, धुरात. लोक तुला ताई म्हणायचे, तू ओ द्यायचीस. सगळं निभावलं. मला वाटलं, निभावलं.

शेवटच्या संध्याकाळी ते लोक सत्कार करणार आहेत हे मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. खुशालराव शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले. म्हणाले, "आमी आजवर लय फिरलो, पन असे रोडगे कोठी खाल्ले नाही. आता आमच्या निशाताईंचा सत्कार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू दारात उभी होतीस, हाताला कणीक होती. तूही टाळ्या वाजवल्यास. मनापासून. आणि मान उंच करून बघत होतीस, कोण ही निशाताई.

मग सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू माझ्याकडे पाहिलंस.

तू मला तिथेच उघडं पाडू शकली असतीस. एका शब्दाचं काम होतं. तू पदराला हात पुसलेस, पुढे आलीस, शाल घेतलीस. दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा तू म्हणालीस, "मी काय बोलू जी. जेवन गोड लागलं ना, बस." आणि हसलीस. ते हसू माझ्यासाठी होतं, मला वाचवायला. मी मात्र त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत राहिले.

परतताना मी टेम्पोत तुमच्याजवळ बसले. परतवाड्याच्या अलीकडे ताहेरभाई तुला म्हणाले, "काहो निशाताई, चहा घेता का?" तुला हसवायला म्हणाले बिचारे. तू काचेतून बाहेर बघत राहिलीस. मग त्यांनी गाडी थांबवलीच नाही.

दर्यापूरला उतरताना तू एवढंच म्हणालीस, "मले आदी सांगतलं असतं, तं म्या टाळ्या तं नसत्या वाजवल्या."

तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या विसरले असते. हे वाक्य मी भाजी चिरताना ऐकते, तिकिटं काढताना ऐकते. तू उतरल्यावर सीटवर शाल दिसली, व्यवस्थित घडी घातलेली. तुझी माझ्याकडे राहिलेली वस्तू ती. तुझी म्हणते आहे, पण तू ती ठेवून गेलीस, आणि का ते मला कळलं.

इथे थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. त्या मंडळींनी फोटो टाकले, फोटो सगळीकडे फिरले, लोक फोन करून विचारू लागले, आणि मी डिसेंबरच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: निशाताईंचे रोडगे. तू तो सत्कार घेऊन गेल्यानंतर लिहिलं, नसीम. तुझं ते वाक्य ऐकल्यानंतर. बस त्या नावावर भरली.

आई विचारत राहिली, "नसीम काहून नाही येऊन राहिली?" मी म्हणत राहिले, तिच्याकडे पाहुणे आहेत. परवा तिने माझ्या हातून ताट काढून घेतलं आणि म्हणाली, "आता सांग." मी सांगितलं. ताट हातात तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मी रागावलेलं पाहिलं आहे, असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "मले 'नाव सांगू नको' म्हननारा हेडमास्तर परका होता, माया."

त्या दिवशी तिने ताट परत दिलं नाही, मीही मागितलं नाही.

काल सकाळी मी ती जाहिरात काढून टाकली आणि जुन्या-नव्या दोन्ही ग्रुपवर लिहिलं: "आपल्या सहलीत स्वयंपाक नसीमबानो करायच्या. निशाताई नावाचं कोणी नाही. ते नाव मी माझ्या मनाने दिलं, त्यांना न विचारता. पुढच्या सहलीला त्या येतील की नाही, मी सांगू शकत नाही. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवावं." एका कुटुंबाला लगेच घरातलं लग्न आठवलं. एकजण काही न लिहिता ग्रुपमधून गेला. आणखी काही जातील. तुला खोटं सांगणार नाही, मी घाबरले होते ते अगदीच खोटं नव्हतं. पण नव्या ग्रुपवरच्या सहदेवकाकांनी विचारलं, "रोडगे तं तेच हायेत ना?" बाकीच्यांनी अंगठे पाठवले.

संध्याकाळी खुशालरावांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, माह्या बायकोले बीपी हाय. मीठ कमी टाका म्हनून स्वयंपाकवालीले सांगाचं होतं, म्हनून म्या इचारलं होतं कोन करते. तुमी येवढं घाईनं नाव सांगतलं, मिठाचं रायलंच."

त्यांनी ते विचारलंच नव्हतं, नसीम. आयुष्यभर ज्या प्रश्नाची मला भीती वाटत आली, तो त्या खोलीत माझ्याशिवाय कोणाच्याच डोक्यात नव्हता. असेलही कोणाच्या, लग्न आठवलेल्यांच्या. पण विचारला मीच, आणि तुला पुसून टाकून उत्तरही मीच दिलं.

मग ते म्हणाले, "मंग ते शाल आमी कोनाले देली?"

ते दर्यापूरला येऊन तुला पुन्हा शाल द्यायची म्हणतात, तुझ्या नावाने. मी म्हणाले, आधी तिला विचारते, ती नको म्हणाली तर येऊ नका. यावेळी मला तुला आधी विचारायचं आहे, एवढंच. नको असेल तर निखतकडून निरोप पाठव, कारण सांगू नकोस.

डिसेंबरला ये असं मी म्हणणार नाही. बस जितकी भरेल तितकी घेऊन जाईन. जेवणात वरण-भात आणि पिठलं लिहिलं आहे, ते माझ्या हातून बिघडत नाही. रोडगे लिहिले नाहीत. परात आणि झारा गजेंद्र आणून देईल. शाल त्याच्याबरोबर पाठवत नाही, ती पाठवायचा हक्क मला नाही.

खाली माझं पूर्ण नाव लिहिते आहे. बसवर रंगवलं आहे तेच. बस घेतली तेव्हा मी घाबरून म्हणाले होते, तायडे नको लिहायला, आडनाव वाचून लोक चढायचे नाहीत, नुसतं काहीतरी गोड नाव टाकू. तेव्हा पेंटरजवळ उभं राहून, "काहून? पुरं नाव टाक भाऊ, काना-मात्रा सोडू नको," असं तू म्हणाली होतीस.

तुझी,
माया किसनराव तायडे