एकविसावं नाव

मुक्काम : बेकरीमागची खोली
११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पिठाच्या हातांनी उघडलं, त्यामुळे तिसरं पान चिकटून गेलंय. त्यात काही महत्त्वाचं असेल तर परत लिही. बाकीच्यातून एवढं कळलं की एक मेपासून वजन-चाचणीचा शिक्का नसलेली शिडी विकायची नाही. चाचणीचं यंत्र आपल्या ऐपतीबाहेरचं, पण लहान कारखान्यांना सरकार ते जवळजवळ फुकट देतंय, आणि टाचणीकाकांनी तुझा अर्ज भरून दिलाय. मग झालंच की! काका हिशेब करताना अजून पावतीला पावती टाचल्याशिवाय माणसाला बसा म्हणत नाहीत का?

इथे दर बुधवारी बाजाराच्या हॉलमध्ये एक हिशेबनीसबाई टेबल टाकून बसतात. शेजारी उद्योग कचेरीचा माणूस. जोडे शिवणारा, सायकलवाला, सगळे आपापले कागद घेऊन येतात. बाई आधी विचारतात, तुमच्याकडे कोण काय काम करतं, आणि मग पेन उघडतात. आमच्या मालकाची नवी भट्टी त्याच टेबलावर मंजूर झाली. मी पाव पोचवायला गेलो आणि तासभर ऐकतच उभा राहिलो. मालकाने आल्यावर माझी बिनपाण्याने केली. शिवाय बूट फाटलाय, पण ते असू दे.

कारखान्यात सगळ्यांना माझी आठवण सांग. राग नसावा, असला तर थोडा असावा.

तुझा
भिंगरी

*

२४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या पानावर विचारलं होतं, घरी कधी येतोस. उत्तर नेहमीचंच मिळालं असं समजते.

अर्ज नामंजूर झाला. लहान कारखाना म्हणजे जास्तीत जास्त वीस माणसं, आणि आपल्या हजेरीवर एकवीस निघाली. एका माणसाने आपण मोठे झालो! पलीकडच्या रस्त्यावरच्या त्या चारशे माणसांच्या कंपनीत आणि आपल्यात आता कायद्याला फरक दिसत नाही. त्यांच्याकडे अशी तीन यंत्रं आहेत. नियम ठरवताना त्यांना बोलावून विचारलं होतं म्हणे. आपल्याला कोणी विचारलं? आपल्याला पत्रक आलं, तेही छापून झाल्यावर.

टाचणीकाकांना फोन केला तर म्हणाले, मी आकडा तुलाच विचारून लिहिला होता. ते खरं आहे, म्हणून जास्तच चीड आली. विनंती-अर्ज वीस एप्रिलपर्यंत करता येतो. काय लिहावं कळत नाही. तयार शिड्या भिंतीला लावून ठेवल्यात, जायला वाट उरलेली नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. बूट घे.

तुझी
ताई

*

मुक्काम : तोच, पण किती दिवस माहीत नाही
३० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

डोकं फिरलंय माझं. मालकाने दोनदा विचारलं की कणीक का बडवतोयस, तिने काय केलंय.

मी बोटांवर मोजलं. करवतीवर चार. पायऱ्या ठोकणारे सात. घासकाम आणि पॉलिश पाच. बिजागरीवाला आणि त्याची बायको. टेम्पोवाला. आणि तू. झाले वीस! एकविसावा कोण? तुझ्या दिराला चिकटवून घेतलंस की काय? तो असेल तर त्याला आजच नारळ दे, तसाही तो शिडीला टेकून झोपण्यापलीकडे काही करणार नाही.

आणि हे टाचणीकाका! तीस वर्षं आपले कागद बघतात, कारखान्याचा जिना एकदा तरी चढलेत का? वर्षातून एकदा फाइल मागवायची, टाचायची, परत पाठवायची. अरे, लोकांचं पोट ज्या धंद्यावर, तो धंदा डोळ्यांनी बघा की! इथल्या बाईंनी पहिल्याच दमात विचारलं असतं, ही एकवीस माणसं करतात काय. आणि ते वरचे नियमवाले, त्यांना वीस आणि एकवीस यांच्यामध्ये कडा दिसला आणि त्यांनी तिथे पाटी लावली, बस. उतार ठेवायला काय जात होतं? वीसला पूर्ण मदत, तीसला निम्मी, असं काही. मी फारसा शिकलेलो नाही, पण एवढं मलाही सुचतं.

त्या एकविसाव्याचं नाव कळव. मी त्याला पत्र लिहितो, चांगलं झणझणीत.

तुझा
भिंगरी

*

५ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

लिही त्याला पत्र. पत्ता तुझ्याकडे आहे. एकविसावा तू आहेस.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशीही बाबांनी हजेरीत तुझं नाव घातलं, स्वतःच्या खाली, आणि पुढे आडवी रेघ मारली. रोज. ते गेल्यावर वही माझ्याकडे आली. पहिल्या सकाळी मी नाव गाळून बघितलं, हात वळला नाही. सहा वर्षांच्या रेघा आहेत तुझ्या. काकांनी फोनवर विचारलं, वहीत नावं किती, मी मोजून सांगितली. काम किती जण करतात असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी मूर्ख, मला सुचलं नाही. कचेरीने वहीची प्रत मागवली, तिथेही कोणी रेघा बघितल्या नाहीत. नुसती नावं मोजली.

कचेरीतल्या बाई म्हणतात, तो माणूस काम करत नाही हे त्याने स्वतः समोर येऊन लिहून दिलं पाहिजे. टपालाने चालणार नाही. मी त्यांना सांगून आले की तो माझ्या बोलावण्यावर आजवर आलेला नाही. संतापले होते, आणि त्यांच्यावरच नाही.

यायचं तर ये. न आलास तर काम बंद म्हणून एकोणीस जणांना मी एकटीच सांगेन.

ताई

*

मुक्काम : उद्योग कचेरीतला बाक
१८ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र टाचणीकाकांच्या हाती देतोय. मला पोचपावतीसाठी चारपर्यंत बसवलंय. काका आत्ता कारखाना बघायला निघालेत, पहिल्यांदाच. बाहेर मी त्यांना बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, ही अट बदलावी म्हणून हिशेबनिसांच्या संघाकडून लिहितो. मी म्हटलं, लिहा, पण आधी शिडी कशी बनते ते बघून या. त्यांना जिन्यावर हात दे, गुडघे दुखतात.

सही झाली. मी हजर राहून, मी हजर नसतो असं लिहून दिलं. बाईंनी विचारलं, कधीपासून काम करत नाही. सहा वर्षं असा आकडा घालताना पेन अडलं. वहीची प्रत समोरच होती. बाबांच्या रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ आहेत, तुझ्या वाकड्या. बाईंनी माझ्या नावावर लाल काट मारली आणि अर्ज मंजूर केला. यंत्र अठ्ठावीसला येतं.

मग मी सहज विचारलं, पुढे एखादा माणूस वाढला तर? बाई म्हणाल्या, तीन वर्षांत एकवीस झालात तर यंत्र परत. मी म्हटलं, म्हणजे धंदा वाढला की शिक्षा? त्या म्हणाल्या, नियम मी केलेला नाही. ज्याने केलाय त्याची खोली विचारली, तर तो या इमारतीत बसतच नाही.

ताई, मी बेकरी सोडून आलोय. पिशवी बाकाखाली आहे. गाडीत पूर्ण वाट ठरवत होतो की तुला म्हणेन, घे मला पायऱ्या ठोकायला. खरंच घेतलं असतंस ना?

आता घेऊ नकोस. संध्याकाळी जेवायला येतो, तेवढं वाढ. माया आहे तशीच राहू दे, वहीत लिहू नकोस.

तुझा
भिंगरी