ठाण्यात वाजते, कल्याणात मुके

कल्याण, पारनाका,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८०७

चिरंजीव गुरुदत्त यास त्र्यंबककाकाचे आशीर्वाद.

इकडे ईश्वरकृपेने सर्व क्षेम आहे. थंडीने तुझ्या काकूचा गुडघा धरला आहे, तेवढा वगळून. सौ. सुमतीस सातवा महिना लागला असेल. तिला पहाटे गार पाण्यात हात घालू देऊ नये, असे काकूने बजावून लिहावयास सांगितले आहे.

आता ज्या विषयाने माझ्या मनाची शांती गेली आहे, त्याकडे वळतो. ते पिस्तूल पुन्हा उडत नाही.

तुला सर्व ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो, म्हणजे रतनजीशेटला वाचून दाखविता येईल. टिटवाळ्यापलीकडच्या आपल्या देवस्थानाचा चांदीचा मुखवटा वर्षभर आपल्या देवघरात असतो आणि माघी चतुर्थीस मी सोवळ्याने पेटीत घालून तिकडे नेतो. आजोबांपासून हा मान आपल्याकडे आहे. दोन वर्षे त्या वाटेवर लुटारूंचा उपद्रव वाढला, म्हणून पंचांनी शस्त्र बाळगण्याचा आग्रह धरला आणि तुझ्या खटपटीने कचेरीतून परवाना मिळाला. येथवर कोणाचाही दोष नाही.

निवड करावयास आपण दोघे ठाण्यात रतनजीच्या हत्यारांच्या दुकानी गेलो, तो प्रसंग तू विसरला नसशील. मी मोठ्या विलायती पिस्तुलाला हात घातला, तेव्हा तो पारशी हसून म्हणाला, “शास्त्रीबावा, ए घेऊन काय करनार? चाप ओढला तर पयला तुमीच मागे पडेल, चोर उभा राहून हसेल!” मग त्याने ते अमेरिकेचे चिमुकले काढले. नळी माझ्या करंगळीएवढी, फिरत्या चकरीत सात काडतुसे, वजन पळी-पंचपात्रापेक्षा जास्त नाही. मलाही ते योग्य वाटले. मला कोणाचा प्राण घ्यावयाचा नाही. भय दाखवून वाट मोकळी व्हावी, इतकाच हेतू. शिवाय ते माझ्या कमरेस सोवळ्यात राहील आणि काडतुसांची डबी मुखवट्याच्या पेटीत मावेल, ही सोय मोठी होती.

त्या वेळी रतनजीने या जातीचा एक दोष सांगितला होता. हिच्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या मध्यात नसून कडेच्या दुमडीत असतो. चाप ओढताच आपटणाऱ्या घोड्याचा ओठ त्या कडेवर नेमका आणि जोराने बसला नाही, तर बार होत नाही. म्हणून घरी आल्यावर सात काडतुसे भरून मी परसात परीक्षा घेतली. दोन उडाली, पाच मुकी! ती पाच फिरवून, कडेची दुसरी बाजू घोड्याखाली येईल अशी बसविली, एक उडाले. आपला गडी महिपत कुंपणाशी उभा होता. तो म्हणाला, “बुवा, याचा आवाज माज्या खोकल्याएवढा पन नाय, त्यात पन हा मुका!”

मी ठाण्यास आलो. रतनजीने घोड्यास जोर देणारी कमान बदलली, आतले गोंदासारखे घट्ट झालेले जुने तेल घासलेटने धुऊन काढले, घोड्याचा ओठ कानशीने सारखा केला आणि दुकानामागे स्वतःच्या डबीतली सात काडतुसे उडवून दाखविली. सातही वाजली. कल्याणास परत येऊन माझी डबी उघडली, तर पुन्हा सातांतली चार मुकी. तिसऱ्या खेपेसही हेच. ठाण्यात वाजते, कल्याणात मुके! पिस्तुलास काय नगराचा पक्षपात आहे? तो मनुष्य आपल्यासाठी चांगली काडतुसे ठेवतो आणि गिऱ्हाइकास वाईट देतो, याहून दुसरे कारण मला दिसत नाही.

काडतुसे घरी आल्यावर देवघरात नेण्यायोग्य करून घेतली, एवढेच माझ्याकडून झाले. त्याचा येथे संबंध नाही. तू रतनजीला माझ्या वतीने चांगले खडसाव. माघी चतुर्थी दूर नाही.

तुझा हितचिंतक काका,
त्र्यंबक हरिहर


कल्याण,
माघ शुद्ध ६, शके १८०७

गुरुदत्त,

आशीर्वाद. क्षेमसमाचार लिहिण्याइतके चित्त स्थिर नाही.

तृतीयेस तिसऱ्या प्रहरी, उल्हास नदीच्या उताराशी, चार जण गाडीसमोर आले. तोंडास फडकी बांधलेली, हातांत कोयते. मी पिस्तूल उपसले. चाप ओढला. एक, दोन, तीन, चार वेळा नुसता टिकटिकाट! त्यांतला एक तर हसला. महिपत आपण होऊन काठी घेऊन पुढे धावला, त्याच्या उजव्या मनगटावर कोयत्याचा घाव बसला. तरीही डाव्या हाताने काठी चालवीत तो गाडीला पाठ लावून उभा राहिला. गाडीवानाच्या आरोळीने शेतांतली माणसे धावली, तेव्हा ते पळाले. मुखवटा सुखरूप आहे. महिपतला ठाण्याच्या दवाखान्यात नेले. तेथे त्याचा पंजा काढावा लागला, हे तू पाहिलेच आहेस.

आता माझ्या संतापास मर्यादा नाही. तीन वेळा मी त्या माणसाकडे पिस्तूल नेले. तीन वेळा त्याने ‘सारा ठीक आहे’ म्हणून परत दिले. बिघडलेली काडतुसे विकून एका गरिबाचा हात घालविणाऱ्यास हत्यारे विकण्याचा परवाना असावा काय? तू कचेरीत आहेस, शब्दांचा तुला सराव आहे. माझ्या नावे अर्ज लिही. ‘माल सदोष, वारंवार सूचना देऊनही दुर्लक्ष’ असे स्पष्ट लिही. मी सही करून पाठवितो. यात दयामाया नको.

त्र्यंबक हरिहर


कल्याण,
माघ वद्य ११, शके १८०७

चिरंजीव गुरुदत्त यास,

हे पत्र तू एकट्याने वाचावे. सोबत एक वेगळा कागद आहे, तो मात्र सर्वांसमोर वाचावयाचा आहे.

तुझे पत्र पोचले. दुकानास टाळे लागून बारा दिवस झाले आणि सोमवारी परवाना रद्द करण्याविषयी चौकशी आहे, हे कळले. त्या पत्राच्या शेवटी तू सहज म्हणून जे लिहिलेस, ते मी कितीदा वाचले, सांगता येत नाही. साहेबाने रतनजीला ‘काडतुसे गिऱ्हाइकाच्या हातून भिजली असतील काय’ असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मी विचारला होता. शास्त्रीबावा ना बोलला. तो ना बोलला तर भिजला नसेल. तो खोटा बोलनार नाय.”

गुरुदत्त, मी खोटे बोललो होतो.

काडतुसांस चरबी लावलेली असते. ती कशाची, हे विकणाराही सांगू शकत नाही. ती डबी देवाच्या मुखवट्याशेजारी, सोवळ्याच्या पेटीत मी कशी ठेवावी? म्हणून घरी आल्याबरोबर ती सर्व काडतुसे रिठ्याच्या ऊन पाण्यात प्रहरभर बुडविली, चोळून चरबी काढली, पंचगव्याने शुद्ध केली आणि कोरडी झाल्यावर वरून साजूक तुपाचे बोट फिरविले. धातूची शुद्धी शास्त्रात जशी सांगितली आहे, तशीच ती केली. त्या धातूच्या पोटात दारू आहे आणि तिला आंघोळीचे पुण्य नको असते, याचा विचार केला नाही, असे लिहिले तर तेही अर्धे खोटे होईल. मला सांगितलेले होते. डबी हाती देताना रतनजी म्हणाला होता, “शास्त्रीबावा, ए चरबी पुसायची नाय, पानी लावायचा नाय. चरबी म्हणजे दारूची छत्री.” तू त्या वेळी बाहेर टांगा ठरवीत होतास. मी मान हलविली. पदार्थाचे ज्ञान त्याचे, शुद्धीचे माझे. माझे ज्ञान वरचे, असे मनात म्हटले.

दुसऱ्या खेपेस त्याने समोरासमोर विचारले, “काडतूस धुतला तर नाय ना?” दुकानात तीन गिऱ्हाइके उभी होती. चरबी, पंचगव्य, सोवळे हे सर्व त्या दुकानात, त्या लोकांपुढे बोलण्याची मला लाज वाटली. मी ‘नाही’ म्हणालो. एकच शब्द. त्यावर विश्वासून तो बिचारा घोडा कानशीत राहिला, कमानी बदलीत राहिला, नसलेला दोष शोधीत राहिला. आणि मी घरी येऊन नवी डबी पुन्हा धूत राहिलो. चाळीस वर्षे व्यासपीठावर बसून मी लोकांना सत्याचे माहात्म्य सांगतो आहे.

परवा महिपतची बायको हौसाबाई आली होती. ती आपल्याकडे भांडी घासते, तेव्हा परसातले सर्व तिच्या डोळ्यांसमोर घडलेले. मी ओट्यावर पोथी उघडून बसलो होतो. तिने अंगणातूनच म्हटले, “शास्त्रीबुवा, आमी मिठागरावरची मानसा. ओल काय करते तं आमाला नका शिकवू. तुमी त्या गोल्यांना आंगोल घातली, ती मी या डोल्यांनी बगली. धुतलेली दारू कंदी पेटलीय काय?”

मी म्हणालो, “मग तेव्हाच का बोलली नाहीस?”

“तुमी सोवल्यात व्हते. सोवल्यातल्या मानसाला कोन बोलल?”

“कचेरीत सांगणार आहेस?”

“मी कशाला सांगू? आमचे मानसाचा हात गेला, वर मी त्वांड पन घालवू? तुमचा तुमी बगा.” आणि घासलेली भांडी ओट्याच्या कडेला पालथी घालून ती गेली.

आणखी एक गोष्ट राहिली. ती तिलाही ठाऊक नाही; महिपत सांगणार नाही, कारण तो माझे मीठ खाल्ल्याचे मानतो. मागील पत्रात मी लिहिले की, तो आपण होऊन पुढे धावला. तसे घडले नाही. तो गाडीच्या मागे होता आणि म्हणत होता, “बुवा, पेटी टाका आनि चला.” मीच ओरडलो, “महिपत, पुढे हो, माझ्या हाती शस्त्र आहे!” माझ्या हाती काय आहे, हे त्या उताराशी उभ्या असलेल्या सर्वांत फक्त मला माहीत असावयास हवे होते. तीन महिने ते मुके होते. तरीही मी त्याला पुढे हो म्हणालो, कारण माझा विश्वास त्या पिस्तुलावर नसून आपल्या शुद्धीवर होता. शुद्ध केलेली वस्तू ऐन वेळी देव वाजवील, असे मी खरोखर मानले होते. पण देवावर दोष ढकलून हे पत्र संपविता येणार नाही.

सोबतच्या कागदात हे सर्व, एक अक्षर न वगळता, लिहून सही केली आहे. तो साहेबाकडे दे आणि अर्ज मागे घे. अर्ज तू माझ्या सांगण्यावरून लिहिलास, खोटेपणा तुला ठाऊक नव्हता, हेही त्यात आहे. तरी तुझ्या नोकरीस धक्का लागल्यास तो माझ्यामुळे लागला, असे खुशाल सर्वांस सांग. देवस्थानच्या पंचांना आजच कळविले की, मुखवट्याचा मान त्यांनी दुसऱ्या घरी द्यावा. पुराणाची गादीही सोडली आहे. तुझ्या काकूस हे सर्व परवाच सांगितले. आज सकाळी ती एवढेच म्हणाली, “ठाण्यास जाताना धाबळी घ्या, गाडीत वारा लागेल.”

कागद पाठवून घरी बसावे, असाही विचार मनात येऊन गेला. परंतु रतनजी जेथे ‘तो खोटा बोलनार नाय’ म्हणाला, तेथेच, त्याच्यासमोर उभे राहून मी तो शब्द परत घेतला पाहिजे. म्हणून सोमवारी मी स्वतः कचेरीत येत आहे. महिपतला दवाखान्यातून आणवितो. त्यानेही ऐकले पाहिजे. त्या दिवशी तू मला उठून नमस्कार करू नयेस, बसावयास पाटही मागवू नयेस. इतर साक्षीदारांना पुकारतोस तसाच माझा पुकार कर.

मी ओ देईन.

शपथेस उभा राहणारा,
त्र्यंबक हरिहर