मशीनमधला अर्धा फोटो

प्रिय सूनबाई,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. शाळेशी माझं फार काळ पटलं नाही, तेव्हा लागेल तसं वाच. तब्येत बरी आहे. गुडघे आहेत तसे आहेत. रडगाणं गायला हे पत्र नाही.

माझ्या लेकाची खोली मी बंद केलेली नाही. तुझी नणंद आली की टुमणं लावते, आई, ते फोटो छापायचं मशीन विकून टाक, जागा तरी मोकळी होईल. मी म्हणते, तुझ्या डोक्यावर ठेवलंय का ते? तू माहेरी गेलीस तेव्हा होतं तसंच होतं सगळं. कॉम्प्युटर चालू, मशीन चालू, तोंडात अडकलेला तो कागद, आणि लाल दिवा लुकलुकतोय. तो सांगायचा ना, मधेच शाई संपली तर प्लग काढायचा नाही, फोटो वाया जातो. मग नाही काढला. तिन्हीसांजेला त्या खोलीतली भिंत लाल व्हायची, विझायची, परत लाल व्हायची. आधी मी दार ओढून घ्यायचे. मग सवय झाली.

आवाजाची मात्र झाली नाही. दुपारी भांडी घासताना आतून ती घरघर यायची, मशीन जागं होताना करतं तशी, आणि मग कागद आत ओढल्याचा आवाज. एकदा मी सवयीनं ओरडलेसुद्धा, राहू दे ते आता, जेवण गार होतंय. ओरडले आणि हात तिथंच थांबला, नळ नुसता वाहत राहिला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, तुला माहीत आहे. कुणाला तरी बोलावून खोली दाखवा म्हणणाऱ्या शेजारणीला मी चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी मागच्या आठवड्यात चिडून शाईच्या दुकानात गेले. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे म्हटलं. दुकानदार त्याला चांगला ओळखायचा, खुडबुड्याच म्हणायचा. त्यानं काळी, निळी, लाल, पिवळी, सगळ्या शायांच्या डब्या दिल्या आणि कुठली कुठं बसवायची ते दाखवलं. मी आवाजाचं विचारलं. तर म्हणाला, आजी, शाई संपल्याचा दिवा लागला की ते मशीन जागचं हलत नाही. मग मी काय ऐकत होते, हे त्याला विचारलं नाही. त्याला काय माहीत असणार?

शाईचे हात पुसायला रद्दी हवी म्हणून मी आधी टेबलाचा खालचा खण उघडला. त्याची खोड तुला माहीतच आहे, ताज्या फोटोला कुणाला हात लावू द्यायचा नाही. दोन साध्या कागदांमधे घालून खणात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काहीही विचारलं तरी एकच उत्तर, वाळू दे. तर त्या कागदांमधे तू होतीस. एकाच तावावर तुझे छोटे छोटे फोटो, नोकरीच्या अर्जाला लागतात तसे. केस ओले, अंगात तो हिरवा ड्रेस. म्हणजे तो गेला त्याच सकाळी काढलेले. मी तिथंच फरशीवर बसले.

मग उठून डब्या बसवल्या. दिवा विझला, मशीन घरघरलं, मी ऐकत होते अगदी तोच आवाज, आणि अडकलेला कागद सरकायला लागला. बाहेर आलेल्या तुकड्यावर आपण नुसती भिंतच बघितली होती. त्याच भिंतीपुढं तो सगळ्यांना उभं करायचा, म्हणून वाटलं तूच असणार. तर आधी केस आले. पांढरे. मग कपाळ. मीच. कधी काढला कुणास ठाऊक, चष्मा घसरलेला, तोंड कशावर तरी वैतागलेलं. डोळ्यांपर्यंतचं आधीच छापून आत अडकलं होतं, ती त्याची शाई आहे. तिथं एक रेघ आहे, आणि रेघेखाली मी आणलेली शाई, फिकट, मधे पांढरे पट्टे. मशीनची शाई सोडायची भोकं वाळून गेली होती. दोन्ही मिळून एक चेहरा झालाय. बघवत नाही, पण फेकला नाही. त्या दिवशी मी प्लग काढला. आवाज अजून येतो.

आता मुद्द्याचं. दवाखान्यात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मीच पाठवलं त्याला शाई आणायला. आजच्या आज फोटो हवेत म्हणून मीच मागं लागले." आणि तेच उराशी धरून माहेरी निघून गेलीस. तर ऐक. तुझं काम झालं होतं. तू घाई केलीस, त्यानं मुकाट्यानं तुझं ऐकलं, फोटो काढले, वाळत ठेवले. शाई संपली ती माझ्या फोटोला, आणि तो तर मी मागितलाही नव्हता. मग काय मी मारलं त्याला? घटकाभर तसंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी ते माझ्यावर घेणार नाही. त्याला काही अर्धवट ठेवून बसता यायचं नाही, म्हणून शाईला निघाला, आणि वळणावर तो ट्रक आला. एवढंच आहे ते. मी घेत नाही, तर तू कशाला घेतेस? तुझे फोटो सोबत ठेवलेत. अर्ज भर, नोकरीला लाग. कापताना पट्टी लावून काप. वाकडी कड दिसली असती तर दिवसभर बोलला असता.

तुझीच,
सासू म्हण नाहीतर आई