फोटो मोठा करून द्या

४ नोव्हेंबर, सोमवार

छापखाना बंद पडून पाच महिने झाले. आज अखेर पुन्हा कामाच्या खुर्चीत बसले! फोटो स्टुडिओ आहे. काम साधं: कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि कॅमेऱ्याने दिलेले निरर्थक आकडे काढून प्रत्येक फाइलला माणसाचं नाव द्यायचं. मालक सत्तरीचे, दमेकरी, थट्टेखोर. मी वीस वर्षं प्रुफं तपासली हे कळताच त्यांनी मला ‘प्रूफबाई’ करून टाकलं. मग काउंटरसमोर उभं करून फोटो काढला. म्हणाले, हसा, हसण्यात कुणी चुका काढत नाही. मी खरंच हसले. घरी येऊन ताईला सांगितलं. थोरली बहीण, सध्या तिच्याकडेच राहते. ती म्हणाली, बरं झालं बाई, आता माझ्या किराणाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ तरी सुटतील तुझ्या तावडीतून.

६ नोव्हेंबर, बुधवार

तीन हजार फाइली. मान अवघडली आहे. आधी तारीख, मग नाव, मग क्रमांक. कॅमेऱ्याच्या तारखेवर विसंबायचं नाही. बॅटरी काढली की त्याचं घड्याळ मागे जातं. पावतीपुस्तकाशी ताडून पाहायचं.

इथली आणखी एक रीत. कुणी वारलं की घरचे येतात आणि म्हणतात, फोटो मोठा करून द्या. मग त्या माणसाच्या फाइलचं नाव पुसून तिथे नुसतं ‘मोठा’ लिहायचं, कारण फ्रेमवाला तेवढंच शोधतो. मला हे पटलं नाही. पण तिसऱ्या दिवशीच कुठे तोंड उघडायचं? मालकांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा असाच मोठा केलेला फोटो आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा विसरले. ताई आणून द्यायला आली, तर मालकांनी तिलाही फोटो काढल्याशिवाय सोडलं नाही. केस विंचरलेले नाहीत म्हणून ती कुरकुरली आणि हनुवटी वर करून ऐटीत बसली. मग मालकांनी मला कॅमेरा शिकवला. मी त्यांचाच फोटो काढला.

थकवा जात नाही. डोळे मिटले तरी चेहरे सरकत राहतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

चूक झाली. लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. एका वारलेल्या आजोबांची फाइल ‘मोठा’ करायची होती. डोळ्यांवर झापड आली होती. त्यांच्याऐवजी या आठवड्याचे बारा फोटो एकदम निवडलेले राहिले आणि कॉम्प्युटरने बाराही जणांना तेच नाव देऊन टाकलं. मोठा १ ते मोठा १२. सगळे जिवंत.

नावं लगेच पूर्ववत केली. दोनदा ताडली. सवयीने क्रमही टिपून ठेवला, सगळ्यांत नवा फोटो आधी: पहिला शिंपी, दुसरा फोटो औषधांच्या दुकानातल्या बाईंचा, तिसरा पोस्टमन, चौथे मालक, पाचवी ताई. बारावी मी. मालकांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शिंप्याची बायको आली. फोटो मोठा करून द्या म्हणाली. काल जेवता जेवता गेला. वय झालं होतं. मी उगाच बादरायण संबंध जोडते आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

औषधांच्या दुकानातल्या बाईंचा नवरा आला होता. फाइल शोधली, तर नाव आधीच ‘मोठा २’ झालेलं. मी बदललं नव्हतं. नव्हतं ना?

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आल्याआल्या पोस्टमनची फाइल पुसून टाकली. फाइलच नसेल तर — दुपारी त्याची आई आली. पुसलेली फाइल जागेवर होती. ‘मोठा ३’.

मालकांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, प्रूफबाई, पुसून काही होत नाही. एकाचा आकडा दुसऱ्याला देता येतो, तेवढंच. त्यांच्याही हातून ही चूक झाली होती. त्यांनी स्वतःचा आकडा एकदा दिला होता. सांगताना भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाठ होती.

तुमचा चौथा आहे, बदलू का, असं विचारलं. नको म्हणाले. पुष्कळ झालं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मालक गेले. काउंटरवर आता त्यांची लेक बसते. भिंतीवर दोन फ्रेमा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पाच.

सकाळी जिना चढताना ताईला धाप लागली. म्हणाली, अशी टक लावून काय बघतेस, मी काय प्रूफ आहे?

नववा फोटो निळ्या स्वेटरमधल्या एका बाईचा. माझी ओळखसुद्धा नाही. तिला ‘मोठा ५’ दिलं. पुसलं. पुन्हा दिलं. तिच्यासाठीही कुणी डबा घेऊन धावत येत असेल —

पुसलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईला बारा दिला. मला पाच. दोनदा ताडलं. बारापर्यंत किती दिवस, माहीत नाही. पण पाचपेक्षा जास्त.

खूप दमले आहे. टेबलावर जरा डोकं टेकते.

२३ — शनिवार असावा

मान दुखत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मालकांच्या लेकीला हाक मारली, तिने वर पाहिलं नाही. कामात असेल.

ताई आली आहे. हातात डबा नाही —

मी समोर उभी आहे तिच्या. ती माझ्यामागे कुठेतरी बघते आहे. लेकीला सांगते आहे, पहिल्या दिवशीचा, तो हसतानाचा, तो मोठा करून —

ताई, अगं, मी इथे आहे, मी इथेच —