दोन चिरे आणि राखाडी गाडी

८ सप्टेंबर, सोमवार

हे होते तेव्हाची एक सकाळ. मी अंगण झाडलं होतं, बंबात पाणी घातलं होतं, तांदूळ निवडत पायरीवर बसले होते. हे समोर टेंपो धूत होते. मालकाचा टेंपो, पण धुवायचे स्वतःचा असल्यासारखा. म्हणाले, "आपली गाडी घेऊ तेव्हा खालून बघून घ्यायची. वरून सगळ्या लग्नाला उभ्या असल्यासारख्याच दिसतात." मी म्हटलं, आधी घ्या तरी. मग चहा झाला. बाकी काही नाही. साधी सकाळ. तीच का आठवते कोण जाणे.

आज रिक्षात आठवली. यांच्या आईंना डायलिसिसला नेत होते. सोमवार-गुरुवार, आता वर्ष होईल. घाटी उतरल्यावर अन्वरभाईंनी रिक्षा बाजूला घेतली. मागे न बघताच म्हणाले, "वहिनी, सांगायचं होतं. वीस तारखेला मी मस्कतला जातो, मुलाकडे. बायको म्हणते, आता पुरे झालं."

मी म्हटलं, चांगलं झालं. त्यांचं खरंच चांगलं झालं.

आमच्या घाटीत दुसरा कोणी रिक्षा घालत नाही. जांभ्याची वाट, पावसाने उकरलेली, फणसाच्या वळणावर तर उभीच. अन्वरभाई फणसापर्यंत येतात, तिथून वर आई काठी टेकत. यांना दोन वर्षांपूर्वी चौघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. खाली पोचलो तेव्हा…

आईंना खुर्चीतून न्यायचं नाही. एवढं ठरलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

रिक्षा स्टँडवर सगळ्यांना विचारून आले. एक म्हणाला, "काकी, आजीला खाली खोली बघा ना भाड्याने." दुसरा हसला. घाटीचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम चहा आठवतो.

मग गाडी. आपलीच. लायसन आहे माझ्याकडे. यांनी सड्यावर शिकवली होती चालवायला, मोकळ्या कातळावर. आपटायला काही नाही म्हणून. तरी मी एका म्हशीला घाबरवलंच.

यांच्या विम्याचे पैसे बँकेत आहेत, हात लावला नव्हता. त्यात बसेल तीच. नवीचा प्रश्न नाही. बुटकी गाडी घाटीत पोट घासते. म्हणजे उंच चाकांची, त्या छोट्या एसयूव्ही म्हणतात तशी. जुनी चालेल. देखणी नसली तरी चालेल. अर्ध्या वाटेत बसणारी नको. आई आत असताना बसली तर मी काय करणार?

वाचनालयातून गाडीच्या दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, पण त्यानंतर जे हाती आलं ते वाचलं. हेही वाचेन. क्लचपर्यंत आले आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

मिरकरवाडा बंदरावर एक पांढरी गाडी बघितली. भाव इतका कमी की सकाळच्या पहिल्याच एसटीने गेले. आतून चकाचक. नवी सीटकव्हरं, आरशाला मोगऱ्याचा वास देणारी बाटली. मालक गोड. "वहिनी, घरातलीच गाडी. बायकामुलं फिरवायला."

मी पायाखालचं रबरी मॅट उचललं. खालचा गालिचा ओला. ऊन पडून चार दिवस झाले तरी ओला. हात घालून दाबला, बोटं नाकाशी नेली. मोगरा नव्हता. बर्फाचं पाणी, मासळीचं. सीट जिथे बसवलीय तिथला पत्रा नखाने सोलला गेला, इतका गंजलेला.

मी म्हटलं, "यातून बांगडा किती फिरला?"

तो म्हणाला, "खारी हवा आहे ना, रत्नागिरीत कुठल्या गाडीला गंज नाही?"

शेजारची जाळं शिवणारी बाई मान खाली घालून हसत होती. मलाही हसू आलं असतं एरवी. परत येताना एसटीत रडले, थोडंसंच. कंडक्टर ओळखीचा, म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आईंना मशीनवर लावलं की चार तास हातात असतात. आधी नाचणे गावात एका मास्तरांची निळी गाडी होती तिकडे गेले. कालच कोल्हापूरच्या लोकांनी नेली म्हणे, फोनवरच.

मग सावंतांच्या यार्डात. जुन्या गाड्यांचा धंदा त्यांचा. यार्डात गिऱ्हाईक कोणी नव्हतं, पितृपक्ष लागलाय, एक कुत्रं तेवढं गाडीच्या सावलीला. तिथे राखाडी दिसली.

यांच्या सगळ्या सूचना आठवून बघितलं. इंजिन गार असताना चालू करायला लावलं. पहिल्या फटक्यात लागली. धूर नाही. मीटरवरचा आकडा आणि ब्रेकच्या पेडलचं रबर जुळतात का बघितलं, रबर फार झिजलेलं नाही. सीटचा पट्टा टोकापर्यंत ओढला. पुरात बुडालेली गाडी असली तर आत गाळाची रेघ राहते. स्वच्छ होता. मग पदर खोचून खाली झोपले. सावंत म्हणाले, "अहो वहिनी, उठा, लोकं काय म्हणतील!" मी म्हटलं, लोकं आहेत कुठे?

खालून वरवरचा गंज. पत्रा हाताला कडक लागला. पेट्रोलची आहे. आमच्या छोट्या फेऱ्यांना तीच बरी, हे म्हणायचे.

भाव माझ्या बजेटच्या थोडा वर. सावंत म्हणाले, "पंधरवड्यात गिऱ्हाईक नाही म्हणून सांगतो, घ्या तुमच्या भावात. पण बुधवारपर्यंत. घट बसले की दसऱ्याचं गिऱ्हाईक येतं, मग हिचा भाव मला विचारू नका. लांज्याचा एक आताच मागे लागलाय."

बुधवार म्हणजे सतरा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आईंना सांगितलं. वाटलं होतं खूश होतील.

"पितरांच्या पंधरवड्यात नवं चाक दारात? आणि त्यात मला बसवणार? नाय गो बाय."

"आई, जुनं चाक आहे. दहा वर्षांचं."

"आपल्याला नवंच ना?"

मी म्हटलं, दसऱ्याला घेतली तर परवडणार नाही, आणि अन्वरभाई वीसला जातात, मधल्या दिवसांचं काय? त्या म्हणाल्या, "मग नाय जाणार मधल्या दिवशी. माझं वय काय थांबलंय त्या मशीनसाठी?"

डॉक्टरांनी सांगितलंय, एकही वार चुकवायचा नाही. त्यांनाही माहीत आहे.

आज वारसुद्धा मांडून बघितले. कुठूनही मांडा, जमत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज एक मूर्खपणा केला. तेव्हा शहाणपणाच वाटला होता.

सावंतांना म्हटलं, माझ्या घाटीत चढवून बघितल्याशिवाय टोकन देणार नाही. ते तयार झाले, स्वतः शेजारी बसले. गाडीत वजन हवं होतं. आई बसणार नाहीत. मग घाटीच्या तोंडाशी पडवीच्या कामातले उरलेले जांभ्याचे चिरे पडलेत, त्यातले दोन गोणपाटावर मागच्या सीटवर चढवले. आईंच्या बाजूला. एक तर वाटेत पट्ट्यानेच बांधला, घसरू नये म्हणून.

सावंत म्हणाले, "वहिनी, मी गाडी विकतोय की तुमचं घर बांधतोय?"

एसी चालू ठेवून पहिल्या गिअरात घातली. फणसाच्या वळणावर मुद्दाम थांबले. हँडब्रेक. परत सोडली. एक वीतही मागे गेली नाही. क्लच जळल्याचा वास नाही. दोन वर्षांनी स्टिअरिंग धरलं होतं. डावा हात आपोआप गिअरवर गेला. त्या हातावर कोणाचा तरी हात असायचा शिकताना. तो तेवढा नव्हता.

वर अंगणात नेली नाही. आईंचा शब्द तेवढा पाळला. फणसाखालीच उभी केली.

पण आई आवाजाने अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, गडग्यापर्यंत आल्या होत्या. मग काठी टेकत फणसापर्यंत उतरल्या, काचेतून आत बघितलं.

"हा कोण?" पट्ट्यातल्या चिऱ्याकडे बोट.

सावंत म्हणून गेले, "आजी, ते तुमच्या जागी."

झालं. "माझ्या जागी दगड बसवलास? बस तर. आता दगडालाच ने दवाखान्यात."

दार लावून घेतलं त्यांनी. जेवल्या नाहीत.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज डायलिसिस होता. आई उठल्या नाहीत. अन्वरभाई फणसाखाली हॉर्न वाजवत होते. मग वर आले, उंबऱ्याशी बसले, म्हणाले, "आईसाहेब, माझी रिक्षा काय पंधरवड्यातली आहे? हिच्यात तर बसा."

"तू जातोस ना मस्कतला? मग जा."

मी पाया पडले. चिऱ्यांबद्दल माफी मागितली. म्हटलं, वजन हवं होतं हो, दुसरं काही मनात नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तो असता तर दगड चढवला नसता."

तेच. तो असता तर.

अन्वरभाई उद्या मुंबईला जाताहेत कागदपत्रांसाठी, शुक्रवारी परत. जाताना माझ्याकडे न बघता गेले.

संध्याकाळी आईंचे पाय दाबून बघितले. बोट रुतलं, खड्डा तसाच राहिला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज दशमी. यांचं श्राद्ध.

धाकटे भाऊजी राजापूरहून पहिल्या एसटीने आले. तेच करतात दरवर्षी. मी वडे, खीर, भाजणीचं सगळं केलं. आई ओटीवर भिंतीला टेकून. रात्रभर उशा लावून बसल्या होत्या, आडवं झालं की श्वास लागतो. दवाखान्यात फोन केला, ते ओरडलेच. उद्या दुपारी एकची जागा आहे, आणा म्हणाले. कसं आणू ते सांगितलं नाही.

भाऊजींनी गडग्यावर पान ठेवलं. कावळे फणसावर होतेच. एकही खाली येईना. भाऊजी हात जोडून म्हणाले, "दादा, घराची काळजी नको करू. मी आहे." काही नाही. "दादा, आईला बघतो मी." काही नाही. मला म्हणाले, वहिनी, तुम्ही बोला. मी मनात बोलले. ते इथे लिहीत नाही. कावळा पंख साफ करत बसला.

ऊन चढलं. वड्यावर माश्या. तेवढ्यात आई उठल्या. काठी नाही, भिंत धरून, सुजलेल्या पायांनी, गडग्यापर्यंत. मी धरायला गेले तर हात झटकला. वर बघून म्हणाल्या,

"बसतंय मी त्या गाडीत. ऐकलंस? बसतंय. ये आता, मेल्या, खीर गार झाली."

कावळ्याने मान वाकडी केली, आमच्याकडे बघितलं, आणि उडून शेजाऱ्यांच्या माडावर जाऊन बसला.

शेवटी भाऊजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला, पान गायीला घातलं.

आई परत ओटीवर बसल्या. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर जिंकल्यासारखं. "बघितलंस? शिवला नाय. त्यालाच नकोय गाडी. सुटले मी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही मनापासून बोलला नाहीत म्हणून शिवला नाही. तुमचं खोटं यांना लगेच कळायचं."

भाऊजी पाणी पिताना थांबले. मला वाटलं, आता काठीच येते. आईंनी खिरीची वाटी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "कळायचं खरं." एवढंच. खीर मात्र दोन चमचे खाल्ली.

भाऊजी दुपारच्या एसटीने गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, घाई करू नका. दसऱ्यानंतर मी येतो, आपण चांगली बघू." माझ्या हातात आईंच्या गोळ्यांचं पाकीट होतं. मी हो म्हटलं.

झोपताना आईंना विचारलं, उद्या? त्यांनी डोळे मिटले होते. झोपल्या नव्हत्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

बँक उघडली तेव्हा मी दारात होते. तिथून यार्डात. सावंतांना म्हटलं, लांज्याच्याला नाही सांगा. टायर परत एकदा बघितले, स्टेपनी काढून बघितली, कागदांवर सह्या केल्या. नारळ फोडू का विचारत होते. नको म्हटलं, पंधरवडा आहे.

घाटी चढवली. मागे चिरे नव्हते. अंगणात नेली नाही. फणसाखाली वळवून तोंड उताराकडे करून लावली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड दिला. मागच्या सीटवर आईंची उशी आणि चादर घातली. आई गडग्याशी उभ्या होत्या, काठी घेऊन. घरातलं लुगडं नेसल्या होत्या की बाहेर जायचं पातळ, ते इतक्या लांबून कळलं नाही.

बारा वाजले होते. मी मागचं दार उघडून ठेवलं, पुढे जाऊन बसले आणि इंजिन चालू केलं.